भिंतीखालची बोटभर फट

प्रिय पावणं,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. तुम्ही होता तेव्हा तुम्हाला दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. चौथी शिकलेल्या माणसाला पत्र म्हटलं की घामच फुटतो. पण आज सकाळी शिनोलीहून जावईबापूंचा फोन आला. "मामा, उद्या कार्य उरकलं की पश्चिमेच्या भिंतीच्या सगळ्या फळ्या उतरवणार. दादांचं ते काम चुकलंच व्हतं." म्हणून आज लिहायला बसलो.

तुमचं काम चुकलं नव्हतं. हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं ना?

मंचरच्या दुकानात आपण केवढा वेळ उभे होतो! भिंतीला बाहेरून सिमेंटच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, सांधे बुजवायचे होते. मी सिलिकॉनची नळी उचलली, तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "पावणं, ही न्हाणीघराला. हिच्यावर रंग धरत न्हाई. ऊन-पावसात फळी जराजरा हलती, तिच्यासंगं ताणलं जाईल असं पायजे." शेठनी तसंच ताणलं जाणारं पीयू सीलंट काढून दिलं. ते किती वर्षं टिकेल, हे मी तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरगी देताना माझ्या पोराची येवढी चौकशी नव्हती केली तुमी!" शेठसुद्धा हसले.

तुम्ही सांधे ब्रशने झाडलेत, कोरडे केलेत, मग भरलेत. खाली मात्र फळी आणि जोत्याच्या मध्ये बोटभर फट तशीच.

"ही ऱ्हायली की," मी म्हणालो.

"ऱ्हायली न्हाई, ठेवली. फळीमागं थोडं पाणी जाणारच. त्याला भाईर पडाया वाट नको?"

मला पटलं नाही. माझी लेक त्याच भिंतीला पाठ लावून झोपते. विंचू शिरला तर? साप? जेवून तुम्ही आडवे झालात आणि मी उरलेल्या नळ्या त्या फटीत रिकाम्या केल्या. वर रंगाचा हातही मारला.

श्रावणात फळ्या फुगल्या, आत ओल उतरली. जावईबापू चारचौघांत म्हणाले, "दादा, तुमचा हात आता पहिल्यासारखा न्हाई." तुम्ही खाली वाकलात. फटीवरून बोट फिरवलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही, पावणं.

"व्हय रं," एवढंच म्हणालात. थापी माळ्यावर टाकलीत, ती पुन्हा काढली नाहीत.

का नाही बोललात? माझी लेक तुमच्या घरात नांदते म्हणून? एक शिवी हासडली असती तर मी मोकळा झालो असतो!

तुमच्या दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "गवंडी लई चांगला, शेवटचं काम तेवढं बिघडलं." मी उठून पाण्याचा तांब्या भरायला गेलो. त्यानंतर दोनदा ती फट मोकळी करायला खिशात सुरी घालून शिनोलीला आलो. दोन्ही वेळा चहा पिऊन कळंबला परतलो. लेक विचारायची, "आबा, काय काम व्हतं?" काय सांगणार होतो तिला?

आता हे ओझं घेऊन चालवत नाही. थकलो.

उद्या नैवेद्याच्या आधी सगळ्यांना भिंतीपाशी बोलावीन. त्यांच्यासमोर सुरीने ती फट उघडीन आणि कुणी बुजवली ते सांगेन. लेक रागावेल, जावईबापू बोलतील. बोलू देत. फुगलेल्या दोन-तीन फळ्या बदलतील, बाकीच्या तुमच्या हातच्या राहतील. त्यानंतरच तुमचं पान वाढू देत.

गुडघे वाकत नाहीत हो. पण उद्या वाकेन.

तुमचा व्याही,
बबन
कळंब