दरखास्तीतलं नाव

॥ श्री ॥
पाथरी, मार्गशीर्ष शु. ५, शके १८६०

चि. दिनकर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, तुम्ही सगळे तसेच असाल.

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं एक वरीस घटतं बग," असं माझ्या सासूबाई मी माप ओलांडलं त्या दिवशी म्हणाल्या होत्या. परवा ते पुन्हा आठवलं. तू धाडलेली डिक्शनरी सोडवायला डाकखान्यात गेले. मुन्शी नवा. कुणाच्या घरच्या, म्हणून त्यानं विचारलं. मी भिंतीवरच्या तिरुपतीच्या देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं, तर त्यानं वहीत बालाजी लिहिलं! शेवटी शेजारचा लिंबाजी मागून आला, त्यानं ह्यांचं नाव सांगितलं. वर म्हणाला की अक्का, तुमच्यापायी देवालाबी नाव बदलायची पाळी आली.

आता खरं काम. परभणीला एका मडमेनं मुलींची शाळा काढली आहे. शिवण शिकवायला बाई हवी, राहायला खोली मिळेल. मडमेला उर्दू वाचता येत नाही आणि मराठीही, म्हणून दरखास्त इंग्रजीत हवी, आणि स्वतःच्या हातची. मुद्दत अमावास्येपर्यंत. आमची चंपा सासरी गेल्यापासून मी एकाच गोधडीला चार वेळा अस्तर बदललं, यावरून काय ते समज. त्रेचाळिसाव्या वर्षी हे खूळ म्हण हवं तर, पण मला ही नोकरी हवी आहे. तू शाळेसाठी आमच्याकडे होतास तेव्हा चुलीपाशी बसून इंग्रजी धडे घोकायचास. भाकरी थापता थापता ते मला तुझ्याआधी पाठ व्हायचे. पण पत्र कधी लिहिलं नाही. मसुदा धाड.

ह्यांना सांगितलं. हे उठले आणि शिवणयंत्राच्या चाकाला तेल घातलं.

सौ. पारूस व मुलांना आशीर्वाद. लोभ उतू जाऊ देऊ नकोस, पण आटूही देऊ नकोस.

तुझी अक्का

हैदराबाद, मार्गशीर्ष शु. १२

तीर्थस्वरूप अक्कास दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मसुदा सोबत आहे. आमच्या वकीलसाहेबांच्या कचेरीत तीस वर्षं हाच चालतो. अक्षराला अक्षर उतरवून काढ. मडमेच्या मुलाबाळांची खुशाली विचारू नकोस. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावू नकोस. आणि आपल्या रीतीप्रमाणे 'मला मेलीला काय येतंय' असलं काही घालू नकोस. इंग्रज लोक लिहिलेलं खरं मानतात.

चौथ्या ओळीत दाजींचं नाव आहे, ते गाळू नकोस. अमक्याची बायको हे कळल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. पारू विचारते की वन्स परभणीला गेल्यावर दाजी जेवणार काय. तुम्हा नणंदा-भावजयांच्या भांडणात मी पडत नाही.

मुलांचे नमस्कार. आशीर्वादाची छत्री डोक्यावर असू द्यावी.

तुझा दिनकर

पाथरी, मार्गशीर्ष व. ६

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

मसुदा पोचला. पहिल्याच ओळीत 'आय बेग', म्हणजे मी भीक मागते आहे. सासरी कधी मीठ मागायला शेजारी गेले नाही, पण तू म्हणतोस म्हणून ती मागितली. तीन ओळी झोकात उतरल्या. चौथीत लेखणी थांबली.

हसू नकोस. श्रावणात हे एकवीस दिवस तापानं पडून होते. तेव्हा देवाकडून एकेक दिवस मी मोजून मागून घेतला. आता त्यातलं अख्खं वर्ष माझ्याच हातानं कापू? ह्यांना म्हटलं तर म्हणाले की लिही की, एका वर्सानं काय हुतंय, माझ्याकडं लय हायेत. मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

मग इथल्या पार्वतीबाईंच्या मुलीच्या हळदीला गेले आणि डोक्यात उजेड पडला. उखाण्यात घेतलेलं नाव मोजलं जात नाही! वरीस घटतं म्हणणाऱ्या सासूबाईच दर सणाला मला आग्रहानं उखाणा घ्यायला लावायच्या. दोन दिवस तुझी डिक्शनरी चाळली आणि चौथी ओळ खोडून लिहिलं: "इन सिल्व्हर प्लेट देअर इज बटर, व्यंकटरावज् नेम आय नाऊ अटर." चांदीच्या ताटात लोणी आहे, आता मी ह्यांचं नाव उच्चारते.

लखोटा काल डाकेत पडला. आता रागाव. रागावून झाल्यावर माया पूर्ववत कर.

अक्का

हैदराबाद, मार्गशीर्ष व. ९

तीर्थस्वरूप अक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. कचेरीत दाखवलं, वकीलसाहेबांची टोपी हसता हसता मेजाखाली गेली. इतक्या वर्षांत दरखास्तीत लोणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पारूनं तर उखाणा पाठ केला आहे. मला ताक वाढतानाही म्हणते.

पण अक्का, चेष्टा पुरे. मडम हे वेडगळ समजून कागद टाकून देईल. तुला ही नोकरी किती हवी आहे, ते तुझ्या पहिल्या पत्रातल्या एका वाक्यावरून मला कळलं. तू काही हवं म्हणून मला आजवर लिहिलं नव्हतंस. म्हणून नाव घालून नवा मसुदा धाडतो आहे. मुद्दत अजून आहे. एका वर्षासाठी अडू नकोस. माझ्या आयुष्यातलं दाजींना दे.

उत्तराची वाट पाहणारा,
दिनकर

पाथरी, पौष शु. १०

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

दुसरा मसुदा उतरवला नाही. ठेवलाय मात्र जपून. तुझ्या पत्रातली ती शेवटची ओळ कुणी भाऊ सहज लिहीत नाही.

मडमेचं बोलावणं आलं. हे स्वतः घेऊन गेले. बैलगाडीनं मानवत रोडला, तिथून रेल्वेनं. मेजावर एकोणीस दरखास्ती होत्या आणि सगळ्यांची सुरुवात त्याच भिकेनं, बहुधा तुझ्या वकीलसाहेबांचीच कृपा. माझा कागद उचलून तिनं लोणी कशाला, असं विचारलं. मी इंग्रजीत सांगायला गेले, तीन शब्दांत घाम फुटला; मग तिथल्या एका बाईनं समजावलं. मडम हसली नाही. काज करायला कापड दिलं. पाच काजं केली, ती तिनं उजेडाला धरून पाहिली आणि नोकरी दिली. सोमवारपासून.

उठताना तिनं विचारलं की तुमचे मालकही तुमचं नाव असंच काव्यात घेतात का. मी नमस्कार करून निघाले. आमच्या लग्नात बायकांनी नावासाठी दार अडवलं, तर हे मागच्या भिंतीवरून उडी टाकून घरात आले होते! पुढं सत्तावीस वर्षं 'अगं', 'ऐकलं का', आणि मग 'चंपीची आई'. शाळेत मात्र सगळ्या नर्मदाबाई, नर्मदाबाई करत होत्या. दोनदा तर मी मागं वळून पाहिलं, दुसरी कुणी आहे का म्हणून.

रविवारी हे स्टेशनवर सोडायला येतील. भाकरी करायला शिकले आहेत. आकार हैदराबाद संस्थानासारखा होतो, पण भाजतात चांगली.

लोभ असावा अशी विनंती मी करत नाही, तो आहेच. विनंती दुसरीच आहे. तू तुझ्या दाजींना दोन ओळी लिही. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला एकदा नावानं हाक मारावी, असं तुझ्यातर्फे सांग. उखाणा नको, नुसतं नाव पुरे. ते मारणार नाहीत, तुला ठाऊक आहे आणि मलाही. तरी लिही.

तुझी अक्का,
नर्मदा