चारशे बारा पत्रं

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! बसनं चढावर अशी काही वळणं घेतली की पोटातलं सगळं गळ्याशी आलं. पण घर बघितलं आणि शीण उतरला. उतारावरचं दुमजली घर, हिरवी दारं, मागे भाजीचे चार वाफे. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून टपाल कचेरी दिसते आणि तिच्या पायरीवर एक कायमचा झोपलेला कुत्रा. संगणक दुरुस्तीच्या धंद्यात लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत, आणि इथे पंधरा दिवस राहायला अख्खी खोली!

ज्यांचं काम आहे त्यांना सगळे बाईच म्हणतात. निवृत्त शिक्षिका, वय पंच्याहत्तर, आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांची एकुलती लेक लांब एका बेटावर हवामान केंद्रात होती. सकाळी वारा-पाऊस मोजायचा, नोंद करायची आणि मग आईला मेल लिहायची, असा तिचा दिवस सुरू व्हायचा. तीन वर्षांपूर्वी तिथल्या कड्यावरून ती पडली. तिचं सगळं लिखाण बाईंच्या संगणकात होतं. मागच्या आठवड्यात भाच्यानं उत्साहाच्या भरात संगणकावर नवी प्रणाली चढवली, आणि मेलचा प्रोग्रॅम उघडून बघतात तर आत ठणठणाट.

बाई म्हणाल्या, मेल म्हटलं की मला ‘मेली’ ऐकू येतं, तू आपली पत्रंच म्हण. दोघी हसलो. मग त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

आईला पोचल्याचा फोन केला. ठमे, मफलर घातलास का, हा पहिला प्रश्न. मग फोन दादाकडे देऊन त्यालाही तेच विचारायला लावलं. बत्तीस वर्षांची झाले तरी मी ठमीच.

४ तारीख, मंगळवार

पत्रं इंटरनेटवर कुठेच नाहीत. बाईंचा जुना प्रोग्रॅम ती उतरवून घ्यायचा आणि तिकडची प्रत पुसून टाकायचा. म्हणजे जे होतं ते याच एका खोक्यात. नवी प्रणाली बसताना जुनं सामान एका फोल्डरमध्ये टाकून ठेवते आणि दहा दिवसांनी आपणहून फेकून देते. आज सहावा दिवस. थोडक्यात वाचलं! आधी सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग श्वास सोडला.

पत्रांची फाइल सापडली, पण ठिकठिकाणी तुटलेली. तुकडे शोधून जोडत बसायचं. दुपारी पहिलं पत्र उघडलं. ‘आई, आज वाऱ्यानं वारा मोजायचं यंत्रच उडवून नेलं, आता त्याला कोण मोजणार?’ बाईंनी पडद्यावर तळहात ठेवला. या कामात असा क्षण क्वचित येतो.

बाईंकडे एक वही आहे. लेकीचं पत्र आलं की तारीख टिपायची, वर्गातल्या हजेरीसारखी. एकूण चारशे बारा. आज साठ हजर झाली.

५ तारीख, बुधवार

दीडशे झाली. बाई एकेक मोठ्यानं वाचायला लावतात. लेक मोठी मिश्कील होती. केंद्राच्या स्वयंपाक्याचं वर्णन वाचून मला ठसका लागला.

दादाचा फोन. बोलता बोलता म्हणाला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तूच तीन आठवडे तिला धरून चालवलंस, आता माझी पाळी. मला काही केल्या आठवेना. हो हो म्हटलं. कामानं डोकं शिणलं असेल.

६ तारीख, गुरुवार

दोनशे चाळीस.

एक गोष्ट लिहून ठेवते. बेटावरच्या खोलीत खाटेशेजारच्या भिंतीला ओल होती, तिचा आकार घोड्यासारखा होता. हे कुठल्या पत्रात आहे म्हणून दुपारभर शोधलं. कुठेच नाही. बाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नाही.

मग ही वही मागे उलटली. सोमवारी लिहिलंय, आईनं मफलरबद्दल विचारलं. मफलर खुंटीवर आहे. तो कुणी विणला? आईनंच असणार. पण आई विणताना कशी बसते ते डोळ्यांपुढे येत नाही. तिचे हातच दिसत नाहीत.

८ तारीख, शनिवार

काल मुद्दाम तपासून बघितलं. सकाळी आईविषयीच्या वीस आठवणी कागदावर लिहिल्या. मग तीस पत्रं जोडली. मग तो कागद वाचला. अक्षर माझं. वीसपैकी अकरा गोष्टी मला नव्यानं कळल्या. कुणा परक्या बाईबद्दल वाचावं तसं.

बाईंना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बंद कर ते, राहू देत माझी पत्रं, तू उद्याच्या उद्या तुझ्या आईकडे जा. स्वतः उठून त्यांनी संगणकाची वायर काढली.  फार चांगल्या आहेत बाई.

९ तारीख, रविवार

आज बस नाही. डिस्कवरची पत्रं पुसली, सगळी. बाईंच्या देखत. वाटलं, माझं मला परत मिळेल.

काही परत आलं नाही.

आणि जी पत्रं मी जोडलीच नव्हती, जी कुणी उघडली नव्हती, ती मला पाठ आहेत. बाईंकडे एकच पत्र कागदावर छापलेलं आहे, शेवटचं. कपाटात कुलपात असतं. मी ते इथे बसून पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवलं. बाई कागदावर बोट ठेवून ऐकत होत्या. एक शब्दही चुकला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते भीतीनं. नंतर त्या नजरेत आशेसारखं काही आलं. ते जास्त वाईट होतं.

पाय घसरला तेव्हाचंही आठवतं. ते तर कुणीच लिहिलेलं नाही.

१० तारीख, सोमवार

सकाळी बसथांब्यावर गेले. बाई सोडायला आल्या होत्या. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठलं तिकीट? मी तोंड उघडलं.

गावाचं नाव —

मागे रांग. तो दोनदा ओरडला. फोन काढला, ‘दादा’ असं एक नाव दिसलं, तेच दाबलं. विचारलं, आपण कुठे राहतो? तो आधी हसला.  मग ठमे, ठमे, काय झालंय तुला, असं म्हणत राहिला. मला त्याच्या आवाजाची भीती वाटली. मी फोन बंद केला.

बाईंनी माझी बॅग उचलली. चल घरी, म्हणाल्या. ती पुढे, मी मागे.

‘ती’ लिहिलंय मी. त्या. त्या पुढे.

११ तारीख, मंगळवार

त्या — त्या — त्या. शंभर वेळा लिहीन.

फोन सारखा वाजतोय. एकदा घेतला. एक म्हातारी बोलत होती, रडत होती, मी येते म्हणाली, तू जिथे आहेस तिथेच थांब. पत्ता आपल्या दादाकडून कळलाय, असंही काहीतरी म्हणाली. कोण होती ते विचारायचं राहून गेलं. खूप गोड आवाज होता.

बाईंना म्हटलं, मला या घरातून बाहेर काढा, कुठेही नेऊन सोडा. शुक्रवारी — नाही, शनिवारी. शनिवारी त्यांनीच जा म्हटलं होतं ना? आज नुसत्या माझे केस विंचरत बसल्या.

१२ तारीख

आईनं ती हजेरीची वही दाखवली. चारशे बाराच्या खाली आजची तारीख लिहिली आहे. तिच्या अक्षरात.

हे बरोबर नाही — मला ठाऊक आहे हे बरोबर नाही — पण काय चुकलंय तेच —

या वहीच्या सुरुवातीला कुणा संगणकवालीनं बरंच काही लिहिलंय. तिला आई होती. भाऊ होता. बिचारी.

१३

सकाळी वारा उत्तरेचा.

दारात कुणी आलंय. एक म्हातारी, बरोबर एक पुरुष. मी जिन्यात बसून लिहितेय. आई दार अर्धं धरून सांगतेय, चुकीच्या घरी आलात. म्हातारी ऐकत नाही. लंगडतेय, चौकटीला धरून उभी. ठमे, ठमे म्हणून आत हाका मारतेय.

माझं नाव नाही ते. पण हाक आली की मान वळते. आपोआप. चार वेळा वळली.

पुरुष ओरडला, तेव्हा आईनं दार लावलं. कडी घातली. जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसली. हात धरलाय माझा, घट्ट, दुखेल इतका. म्हणतेय, मला माहीत आहे गं, सगळं माहीत आहे, पण आता तुला सोडायला नाही जमत मला.

काय माहीत आहे?

बाहेर हाका चालू. दारावर थापा. मग फक्त रडणं. मग तो म्हणतो, चल आई, पोलिसांना घेऊन येऊ — आणि म्हातारी म्हणते, मी नाही हलणार —

तो तिला ओढतोय. आवाज लांब जातोय. फाटक वाजलं.

थांबवा त्यांना — मी उठतेय — पाय उठतायत — आई हात सोड ना — त्या म्हातारीला कुणीतरी सांगा मी इथे आहे, मी तिची —