गणपूर्ती होऊ नये म्हणून

प्रिय आर्डिसआत्या,

तुझा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढायला लागलीस असं चर्चमधल्या बायकांकडून कळलं, बरं वाटलं. (तू स्वतःहून मला कळवणार नाहीस, हे धरूनच चाललो होतो.) आम्ही ठीक. म्हणजे गेला आठवडा मी घरी नव्हतो, हे तू टीव्हीवर पाहिलंच असशील. माझ्या फोटोखाली 'फरार' असं लिहिलं होतं, आणि फोटोही मेल्यांनी नेमका जांभई देतानाचा निवडला होता.

तर खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. तुझ्या रिपब्लिकन मंडळींनी राज्याच्या सिनेटमध्ये मतदारसंघांचा नवा नकाशा आणला. त्यात आमच्या काउंटीचे तीन तुकडे करून तीन रिपब्लिकन मतदारसंघांना चिकटवले होते. मतदार तेच, मतपेट्या त्याच, फक्त निकाल आधीच लागलेला. (आमचं बहुमत होतं तेव्हाचा आमचा नकाशाही काही फार सरळ नव्हता, पण ते सध्या राहू दे.) मतदान झालं असतं तर आम्ही हरणारच होतो. पण दोन-तृतीयांश सदस्य हजर नसले की सभागृहाला मतदानच घेता येत नाही, आणि अधिवेशन शुक्रवारी दुपारी बाराला आपोआप संपणार होतं. म्हणून आम्ही सगळे डेमोक्रॅट सिनेटर एका चर्चची बस मागून घेऊन नदीपलीकडे शेजारच्या राज्यात गेलो. आम्हाला धरून आणा, असा हुकूम पोलिसांना सुटला. पण पुलापलीकडे त्यांचं काही चालत नाही. मात्र आमच्यातला एक जण जरी सभागृहात जाऊन बसला असता, तरी गणपूर्ती झाली असती. (मागे तुमचे लोक असेच पळाले होते, तेव्हा मी त्यांना भित्रे म्हणालो होतो. ते कात्रण तू फ्रिजवर लावलंयस, हेही कळलंय.)

मोटेलात बसून लोकशाही वाचवणं फार कंटाळवाणं असतं, आत्या. पहिल्या दिवशी पिझ्झा मागवायचा की चिनी, यावर आम्ही मतदान घेतलं. मतं समसमान पडली, कोणी माघार घेईना, शेवटी सगळ्यांनी व्हरांड्यातल्या यंत्रातले खारे शेंगदाणे खाल्ले.

गुरुवारी लेलंड प्रॉस्कला फोन आला. लेलंड आमच्यातला सगळ्यात वयस्कर. त्याची बायको आयोन पोटात कळा येऊन आमच्या काउंटीच्या रुग्णालयात दाखल झाली होती आणि शुक्रवारी सकाळी तिची शस्त्रक्रिया होती. लेलंडने टोपी उचलली. आमच्या पुढारी बाई, बेव्ह, दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"लेलंड, फक्त उद्या दुपारपर्यंत थांब."

"बाजूला हो, बेव्ह."

"अरे, तू पूल ओलांडलास की संपलं सगळं!"

"माझी सगळी भाषणं तिने पहिल्या रांगेत बसून ऐकली आहेत. झोप आली तरी. बाजूला हो."

त्याचा कोट माझ्या हातात होता. द्यावा की धरून ठेवावा, मला कळेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिला. बेव्ह अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

शुक्रवारी आम्ही सगळे एका खोलीत कोंबून बसलो आणि सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं. हजेरी चालली होती. लेलंडचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तेवढ्यात सभागृहाचं मागचं दार उघडलं. बेव्हनी माझा दंड असा आवळला की तो अजून निळा आहे. आत आला तो पाण्याचे जग घेऊन येणारा माणूस. मग बारा वाजले, हातोडा आपटला. निम्मे जण रडले, निम्मे पिझ्झा मागवायला धावले.

लेलंड कुठे होता, ते त्यानेच नंतर सांगितलं. पोलीस रुग्णालयात पोचला होता. डेल नावाचा, चांगला सहा फुटी. "साहेब, चला, गाडी खाली आहे," म्हणाला. आयोन नुकतीच शुद्धीवर येत होती. तिने एका हाताने लेलंडचं मनगट धरलं आणि डेलला म्हणाली, "बस रे, उभा राहून दमशील." मग ती पुन्हा झोपली, पण मनगट काही सोडलं नाही. डेल तिच्याकडे पाहत राहिला आणि शेवटी वायरलेसवर वरिष्ठांना म्हणाला, "माणूस सापडला, पण सुटत नाहीये." आणि बसला.

आम्ही जिंकलो, आत्या. लेलंडचं अभिनंदन करायला मी फोन केला. तो म्हणाला, "हार्लन, नकाशाबरोबर बाकीची विधेयकंही गेली. या रुग्णालयाचा शस्त्रक्रिया विभाग चालू ठेवायचा पैसा त्यातच होता. जूनपासून बंद. तिची पुढची शस्त्रक्रिया ऑगस्टात आहे." दोन्ही पक्षांकडून पत्रकं मात्र निघाली, एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारी.

तब्येतीला जप. गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

तुझा (अजून तरी) सिनेटर भाचा,
हार्लन

ता. क. : नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्ष माझ्याविरुद्ध तुलाच उभं करतोय, असं न्हाव्याकडे ऐकलं. नवा नकाशा मी आज प्रथमच नीट पाहिला. त्यात तुझी गल्ली माझ्या मतदारसंघातून बाहेर जात होती, म्हणजे तुला माझ्याविरुद्ध उभंच राहता आलं नसतं. ती आत राहावी म्हणून मी आठवडाभर मोटेलात झोपलो. तेव्हा कृपा करून अर्ज भरू नकोस.

आणखी ता. क. : भरलाच असशील, तर निदान बाबांना त्यांच्या घरी परत जायला सांग. तुझे भाऊ असले तरी ते माझे वडील आहेत, आणि सकाळपासून माझ्याच गॅरेजमध्ये तुझ्या नावाच्या पाट्या रंगवताहेत.