सुरगाठ

आये,

उद्या माझं लग्न आहे. अंगणात मांडव उभा राहतोय आणि मी माजघरात बसून तुला लिहिते आहे, कारण बाहेर पाऊल टाकलं की जो तो मला आत पिटाळतो. नवरीनं उन्हात फिरू नये म्हणे. एरवी सापगावाहून शहापूरच्या शाळेत मी रोज उन्हातूनच चालत जाते, तेव्हा माझ्या रंगाची कुणाला काळजी नसते. बायका तोंडावर मला 'बाई' म्हणतात, त्यांच्या पोरींना शिकवते म्हणून, आणि पाठ वळली की 'थोराड नवरी' म्हणतात. म्हणू देत. मघाशी बा मांडवाच्या खांबाला दोर बांधत होता, तेवढ्यात थोरला मामा ओरडला, "अवो दाजी, मांडवाला सुरगाठ कोन मारतं? पोरानं शेवट ओढला का अख्खा मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर!" बा आपल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिच्या आयनं सवय लावलीय. मला आता दुसरी येत नाय." मामानं ती सोडली, स्वतः घट्ट निरगाठ मारली आणि नाक शिंकरायला विहिरीकडे गेला. तेव्हा वाटलं, तुला लिहावं.

मुंबईला आपण तिघं गेलो होतो. मला अक्षरं येत होती, म्हणून पाट्या वाचायला बानं मला बरोबर घेतलं. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात तू बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसलीस, आपल्या ओटीवर बसावी तशी. छातीतली ती गाठ तू किती महिने चोळीच्या गाठीखाली लपवलीस कुणास ठाऊक. लावणी होऊ दिलीस, कापणी होऊ दिलीस, भाताचे भारे अंगणात आले आणि मग बाला सांगितलंस. कॅन्सर हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला. डॉक्टर भला माणूस, तो गाठच म्हणाला. ती काखेत पसरली आहे, आता कापून उपयोग नाही, विजेचा शेक देता येईल, पण त्यासाठी इथंच राहावं लागेल, असं त्यानं सावकाश समजावलं. तू विचारलंस, "शेकानं गाठ जाईल का?" तो म्हणाला, जाणार नाही, थोडे दिवस वाढतील कदाचित. "नि घरी गेले तर?" तो म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत धरून चाला." तू मान हलवलीस. "मंग मी घरी जाते. हितं पडून वाढलेले दिवस मी कुनाला दाखवू?" बा ढसाढसा रडायला लागला. तू त्याच्या हातात पदराचं टोक दिलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "भाईर जायचा रस्ता कंचा, ती पाटी वाच गो."

तुझं माहेर मुरबाडच्या पलीकडे, म्हशाच्या वाटेवर. मामांना कळवायचं होतं, पण बाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शहापूरच्या बाजारात त्याला आटगावचा कासार भेटला. तो बांगड्यांचा पेटारा घेऊन मुरबाडकडे निघाला होता. बा त्याला एवढंच म्हणाला, "माझ्या मेव्हण्यांना सांग, गाठ हाय. लवकर या म्हनावं." आता ज्याचा जन्म नवरी मुलींना हिरव्या बांगड्या भरण्यात गेला, त्याच्या कानाला गाठ म्हणजे एकच, लग्नाची. घरात तेरा-चौदाची मुलगी आहे हे त्याला माहीत होतं, माझ्या मनगटाचं मापही. त्यानं तुझ्या माहेरी जाऊन सांगितलं, भाचीची गाठ जमलीय, लवकर बोलावलंय.

आणि मामा आले ते वाजतगाजत. मला अजून ते समोर दिसतं. आपण अंगणात भात झोडतोय, तू घोंगडीवर उन्हाला बसली आहेस, आणि नदीकडून सनई ऐकू येते. बैलांच्या शिंगांना रंग, गाडीत तांदळाचं पोतं, नारळ, नथा घातलेल्या मामी, आणि शेवटच्या गाडीत आपल्या पेटाऱ्यावर हात ठेवून बसलेला कासार. थोरला मामा चालत्या गाडीतून उडी मारून येतो आणि ओरडतो, "कुठाय नवरी?" बा भाताची पेंढी हातात धरून तसाच उभा. मी दाराआड. सगळ्यांच्या आधी तुला उमगलं. तू हसायला लागलीस, इतकी की दुखायला लागलं आणि छातीवर हात दाबून धरलास. "नवरी नाय रे दादा. गाठ हाय, पन ती ही, हितं." सनई मध्येच थांबली. धाकटी मामी तोंडात पदर कोंबून रडणार, एवढ्यात तू सनईवाल्याला म्हणालीस, "थांबलास का रे? येवढ्या लांबून आलास, वाजव की." त्या बिचाऱ्यानं घाबरून पुन्हा सनई तोंडाला लावली. सनई चालू असताना मोठ्यानं रडता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

जेवणं झाली आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली. मामा सुपारी कातरत म्हणाला, "बाय, आता आलोच हाव तर करूनच टाकू. मुरबाडला एक पोरगा हाय माज्या बघन्यात, घर चांगलं हाय. तुज्या डोळ्यांदेखत पोरीचं लगीन झालं म्हंजी तुजा जीव मोकळा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बासुद्धा. त्याचं काय चुकलं, आपल्याकडे असंच करतात. जाणाऱ्या माणसाला जाता जाता अक्षता दाखवायच्या. कासारानं तोवर माझं मनगट हातात घेतलं होतं आणि बोटं दाबून माप बघत होता. पुढच्या साली माझी सातवीची परीक्षा होती. मला काही बोलायचं होतं, पण मरणाऱ्या आईपुढे परीक्षेचं नाव काढायची मला लाज वाटली. मी तुझ्याकडे बघत राहिले.

"सोड तिचा हात," तू म्हणालीस. आवाज मोठा नव्हता. कासारानं हात सोडला. मग तू मामाकडे वळलीस. "दादा, माजं लगीन कशापायी झालं, आठवतं? आज्जी मरनार म्हनून. आज्जीच्या डोळ्यांदेखत म्हनून मला नवव्या वर्षी उभी केली. नि आज्जी काय मेली? माजी सगळी बाळंतपनं करून, वर शिव्या ऐकवून, मंग गेली म्हातारी!" मामीला आधी हसू फुटलं, मग मामाला. तू हसली नाहीस. "मला वेळ नाय, ह्ये खरं. पन तिला हाय. माजी घाई तिच्या गळ्यात कशाला? माज्या मानेला सुरी लागलीय म्हनून तिची निरगाठ मारायची? ती सवता हो म्हनंल तवाच. तुमी दोगं माज्या हातावर हात मारा." मामा पुष्कळ वेळ सुपारी कातरत राहिला. सुपारी संपली तरी अडकित्ता चालूच होता. शेवटी त्यानं तुझ्या हातावर हात मारला, आणि त्याच्यानंतर बानं. मग तू आपला हात कासारापुढे केलास. "येवढा पेटारा उचलून आलास, आता मला भर. कोपरापतोर भर."

त्या हिरव्या बांगड्या घालून तू पौषात म्हशाच्या जत्रेला गेलीस. बा नको म्हणत होता. गाडीत पेंढ्याची गादी केली, माहेरी मुक्काम केला, वाटेत जी ओळखीची घरं लागली तिथं थांबून चहा घेतला. कुणी डोळ्यांना पदर लावला की तू म्हणायचीस, "रडायचं असंल तर मी गेल्यावर ये, आता भाकर वाढ." जत्रेत सगळे बैल बघायला पांगले आणि तू मला हाताला धरून थेट पाळण्यापाशी नेलंस. लाकडी, करकरणारा, वर जाताना पोरी किंचाळत होत्या. "माज्या लग्नाच्या साली ह्याच्यात बसायचं ऱ्हायलं," तू म्हणालीस. "हळद लागलीवती ना, भाईर सोडली नाय." आपण बसलो. पाळणा वर गेला तसा तू माझा हात आवळलास, भीतीनं की दुखण्यानं मला कळलं नाही, आणि सगळी जत्रा खाली दिसायला लागली, घोंगड्यांचे ढीग, धूळ, हजारो बैल, आणि त्यात तोंड वर करून बघणारा थोरला मामा. तू त्याला ओरडून हाक मारलीस. चारचौघांत सवाष्ण बाई अशी ओरडते म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला त्या वेळी इतका आनंद झाला होता आये, की तू आजारी आहेस हेच मी विसरले होते.

सगळे दिवस जत्रेचे नव्हते. ती गाठ फुटली, तिला वास यायला लागला, वैद्याच्या गोळ्यांनी तू दिवसभर झापडून पडायचीस. एकदा बाला म्हणालीस, "मुंबईला ऱ्हायले असते तर बरं झालं असतं का ओ?" तो अजून मला विचारतो, राहिली असती तर? मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करत नाही. पण चैत्रात भाताच्या रोपांसाठी राब भाजायची वेळ आली तेव्हा तुला खाटेसकट शेताच्या बांधावर नेलं होतं, ऐनाच्या झाडाच्या सावलीत. शेण, वर फांद्या, पाला, गवत, वर माती, मग आग. दरवर्षी हे तूच करायचीस, त्या वर्षी मी केलं आणि तू खाटेवरून मला शिव्या घातल्यास. "अगो, वाऱ्याच्या तोंडाला पेटवतात का? भुवया जाळशील!" भुवया थोड्या जळल्याच. त्या जागेवर बा पेरणी करेल आणि ते हिरवं रोप तू बघणार नाहीस, हे तुलाही ठाऊक होतं. तरी राख सारखी पसरली नाही म्हणून तू मला पुन्हा पसरायला लावलीस.

वासराला बांधायची सुरगाठ तू मला तेव्हाच शिकवायला घेतलीस. दावं खाटेच्या पायाला बांधायचं आणि सोडायचं. "आतल्या अंगानं ओढलं तर सुटायची नाय. नि गोठ्याला आग लागली, पानी शिरलं, तर ह्यो शेवट धरायचा, येका झटक्यात मोकळी. बांधायला कुनालाबी येतं गो, सोडायला येयाला पायजे." मी बांधायची, तू दोन बोटांनी चाचपायचीस, आणि म्हणायचीस, पुन्हा. तुझ्या हातात बांगड्या आता सैल झाल्या होत्या, दंडापर्यंत वर सरकवून ठेवायचीस. जायच्या आदल्या दिवशी डोळे न उघडता विचारलंस, "आली का?" मी म्हटलं, "आली." तू म्हणालीस, "बेस."

त्यानंतर मी सातवीची फायनल पास झाले, मास्तरणीचं ट्रेनिंग केलं. दर साली कुणी ना कुणी स्थळ घेऊन यायचं आणि बा म्हणायचा, "तिला विचारा, मी हात मारलाय." लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. थोरला मामा तर इतका पक्का झाला की एका पाहुण्याला त्यानं चहा न देता वाटेला लावलं. आता ज्याच्याशी लग्न करते आहे तो आटगावच्या शाळेवर मास्तर आहे, माझ्याहून थोडा बुटका, गाणं वाईट गातो. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, विचार करायला वेळ लागेल. तो म्हणाला, "लागू दे, मी काय आज गाडी पकडायला निघालोय?" मी मुद्दाम पुष्कळ वेळ लावला. मग एका सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना मला कळलं की माझं उत्तर कधीचं तयार आहे, आणि वर्गातल्या पोरींसमोर मी एकटीच हसले. तू असतीस तर तुलाच आधी सांगितलं असतं. उद्या माझ्या डोळ्यांत पाणी येईल ते तुला सांगता आलं नाही त्याचंच असेल, लोक काही म्हणोत.

बाहेर कासार आला आहे. म्हातारा झालाय, पेटारा नातवाच्या डोक्यावर आहे. मला म्हणाला, "बाई, तवाचं माप आता चालायचं नाय." मी जाऊन हात पुढे करीन. हे पत्र तुला पोचवायची वाट मला ठाऊक नाही, घडी करून ट्रंकेत शालूखाली ठेवते.

एक सांगायचं राहिलं, आये. ती सुरगाठ मला तेव्हा आली नव्हती. अजूनही येत नाही. वासराला मी निरगाठच मारते आणि सकाळी दातांनी सोडते. बाला माहीत आहे, तो मुकाट्यानं माझ्यामागून जाऊन ती बदलतो. उद्या उपरण्याला शालू बांधतील तीही निरगाठच असेल, आणि मला ती हवी आहे. दुसरी शिकेन सावकाश. मला वेळ आहे.