तीन पौंड दोन औंसांचा पर्च

मिल्टन कीन्स,
बुधवार, ५ जुलै २००६

अहो,

साष्टांग नमस्कार. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि ही गोष्ट मुद्द्यावर येण्यासारखी नाही. तुमची ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल आणि दूधवाल्याचं व्याकरण सुधारणं तुम्ही सोडून दिलं असेल, अशी आशा आहे. (हेडमास्तरकी संपून सहा वर्षं झाली हो.) इकडे सगळे खुशाल. अवधूत बारीक झालाय. वैभवी म्हणते, तो लग्नात होता तसाच आहे. सून गुणी आहे, पण नवऱ्याकडे नीट बघत नाही.

आता ऐका. काल सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी मासा पकडला. बाजारात नव्हे. तळ्यात, गळाने! अक्षर घाईत आलंय; गुण कापू नका.

पहिल्यापासून सांगते. मे महिन्यात एक दिवस ही दोघं ऑफिसला गेल्यावर मी बांगडे तळायला घेतले. इथे छताला एक डबी असते, तिला धूर लागला की ती बोंबलते. ती अशी काही बोंबलली की शेजारचे डेरेक सपाता घालूनच धावत आले. सत्तरीचे आहेत, एकटेच राहतात, टपालखात्यातून निवृत्त, खुब्याने अधू. त्यांनी झाडूच्या दांड्याने डबी गप्प केली, परातीकडे बघितलं आणि उभ्याउभ्या दोन बांगडे खाल्ले. काटे ज्या सफाईने बाजूला काढले त्यावरून मी ओळखलं, हा गृहस्थ पाण्याकाठचा. मग मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत म्हटलं, "माय फादर, क्रीक, फिशिंग. मी आल्सो." त्यांचे डोळे असे लकाकले की काय सांगू! तरुणपणी ते बारा वर्षं कॅनडात होते. तिथल्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो, तो त्यांनी पोत्याने धरला म्हणे. (सगळे मासे धरणारे खोटं बोलतात, आमचे बाबासुद्धा बोलायचे.) इथल्या तळ्यांत बास नाही, पण त्याच्या चुलतभावासारखा पर्च आहे, आणि बास धरायच्या युक्तीने तोही लागतो, असं त्यांचं म्हणणं. गळ टाकायला इथे लायसन लागतं आणि ते पोस्टात मिळतं. पोस्टातले लोक डेरेकना बघून उभे राहिले, तेव्हा माझं लायसन पाच मिनिटांत झालं.

तळं म्हणजे खडी काढून झाल्यावर उरलेला खड्डा, पण पाणी कसलं नितळ! काठाचा उतार पावलापावलाने खाली जाताना दिसतो, मग पाणवनस्पतींचं हिरवंगार रान, आणि रान संपतं तिथे एकदम काळोख. वीस फूट खोल. आमिष म्हणून रबराचं गांडूळ. गळाचं टोक त्याच्याच पोटात लपवायचं, म्हणजे ते रानात अडकत नाही. (त्या गांडुळाला बडीशेपेचा वास येतो. इथले मासे जेवण उरकून बसलेले असावेत.) जून उजाडल्यापासून आम्ही रोज पहाटे पाचला जात होतो आणि रोज रिकाम्या हाताने येत होतो. डेरेक गळ रानाच्या मधोमध टाकत. मला ते पटत नव्हतं. आमचे बाबा म्हणायचे, ऊन चढलं की मासा माजघरात बसत नाही, उंबऱ्यावर येऊन बसतो. पण ते शिकवणार, मी शिकणार, बोलायचं कसं? काल मात्र मी गुपचूप रानाच्या पलीकडच्या कडेला, काळोख सुरू होतो तिथे, गांडूळ सोडलं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. ऑफिसला जाताना अवधूत मला घरी सोडायला यायचा, पण तळ्याजवळ कधी यायचा नाही. कुंपणापाशी कानाला फोन लावून उभा. साडीवर त्याचे जुने बूट, डोक्यावर डेरेकची टोपी, असा माझा अवतार. त्याला लाज वाटत होती. मला कळत होतं. घरी येईपर्यंत गाडीत मला वाटायचं, मी उगीच आले या देशात.

तर काल दोरीवरच्या बोटाला टकटक झाली. एकदा. परत एकदा. मी मनात तीन आकडे मोजले आणि हिसका दिला, तशी काठी धनुष्यासारखी वाकली! मासा सरळ रानाकडे पळाला. रानात शिरला की संपलं. डेरेक ओरडायला लागले, पण खुब्यामुळे त्यांना उतारावर जाळं घेऊन उतरता येईना. मी बोंब मारली, "अवधूत!"

"आई, पडलीस का?"

"पडले नाही, लागलाय! जाळं घे!"

"आई, मी कॉलवर आहे!"

"मग त्यांना म्हणावं थांबा!"

तो आला. टाय लावलेला, फोन खिशात कोंबलेला. एक पाय पाण्यात टाकला, निसरड्यावर घसरला आणि कमरेपर्यंत आत गेला. मला वाटलं, आता हा चिडणार. तर तोच माझ्यावर ओरडायला लागला, "दोरी सैल सोडू नकोस! डावीकडे, आई, डावीकडे!" (त्याला यातलं ओ की ठो कळत नाही.) दोनदा मासा जाळ्याच्या काठावरून निसटला. तिसऱ्यांदा आत आला. हिरवा, अंगावर काळे पट्टे, लालभडक पर, पाठीवरचे काटे ताठ. अगदी तुम्ही इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसायचात तसा. आणि अवधूत पाण्यात उभा राहून हसायला लागला. पोट धरून. दहावीनंतर मी त्याला असं हसताना ऐकलेलं नाही हो. त्याच्या खिशातून त्याच्या साहेबांचा बारीक आवाज येत होता, "हाऊ बिग? हाऊ बिग?"

तीन पौंड दोन औंस! डेरेकनी माझ्या डोक्यावरची त्यांचीच टोपी काढून मला सलाम केला.

मी पिशवीतून हळद-मिठाचा डबा काढला, तर डेरेकचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला. इथे मासा धरायचा, तोलायचा आणि परत सोडायचा. महिनाभर ते हे सांगत होते म्हणे. मला वाटलं, लहान मासे सोडतात. माझा जीव कळवळला. वाटण तयार होतं, कोकमं भिजत घातली होती. पण नियम तो नियम. दोन्ही हातांत धरून त्याला पाण्यात नेलं. लगेच गेला नाही. क्षणभर माझ्या हातात श्वास घेत राहिला, मग शेपटी हलवून काळोखात उतरला. मी म्हटलं, जा बाबा, सांभाळून जा. अवधूतने माझा ओला हात धरून मला वर घेतलं आणि गाडीपर्यंत सोडला नाही. ऑफिसला गेलाच नाही काल. आज पहाटे साडेचारला मला उठवायला तोच आला, हातात काठी घेऊन.

आळीत सगळ्यांना सांगा. मोठ्यांना नमस्कारासकट, लहानांना हातवाऱ्यांसकट.

तुमची,
मंजिरी

ता. क. : सोबत फोटो आहे. काढताना अवधूत थंडीने कुडकुडत होता, त्यामुळे मासा अर्धाच आलाय. उरलेला अर्धा लोकांना तोंडी सांगा.

ता. क. २ : माझं विसाव्या तारखेचं परतीचं तिकीट मी सप्टेंबरवर ढकललं आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी क्लबाची नवरा-बायकोंची जोडीस्पर्धा आहे. मी तुमचं नाव दिलं आहे. पासपोर्टचा फॉर्म अवधूतने इंटरनेटवरून काढला, तो याच पाकिटात आहे. फुल्या मारल्यात तिथे सह्या करून उद्याच तत्काळमध्ये द्या.

ता. क. ३ : जमत नसेल तर राग नाही. नियमांत "जोडी" एवढंच लिहिलंय, नवरा असं कुठेही नाही, हे मी डेरेककडून वाचून घेतलं. तुमच्या बहिणीचा, सुप्रभावन्संचा, पासपोर्ट तयार आहे, आणि त्यांनी होकारही कळवला आहे.