फर्नला शिस्त

२ मार्च, सकाळी ७
मुलगा आणि सून बाळाला घेऊन तीन आठवड्यांसाठी तिच्या माहेरी गेले. सून आपली फर्नची कुंडी माझ्याकडे ठेवून गेली. सावलीत ठेवा, माती ओली ठेवा, बाकी काही करू नका, असं दोनदा सांगितलं. परत आल्यावर ती कामावर रुजू होणार. बाळ दिवसभर कुणाकडे ठेवायचं ते तेव्हा ठरेल. ठरायचं काय त्यात? तीस वर्षं मी वसतिगृहाची रेक्टर होते. ‘आधी फर्न तर सांभाळ,’ मुलगा म्हणाला. विनोद असावा.

५ मार्च
झाड फार लाडावलेलं आहे. सगळी पानं लोळतात. उद्यापासून रोज दोन तास ऊन. पाणी दिवसाआड.

८ मार्च
पानांखाली तपकिरी ठिपके. अगदी ओळीत. कीड! सुनेच्या लक्षातही आलं नाही, आणि ही मुलगी बाळ वाढवते. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन बसले. दीड तासात अकरा पानं स्वच्छ. हे म्हणाले, फर्नला तसे ठिपके असतातच, त्यांतूनच नवी रोपं येतात. ह्यांचं आयुष्य विम्याच्या ऑफिसात गेलं.

११ मार्च
उरलेली पानंही घासली. कडा करपल्या आहेत. सुधारणेची सुरुवात अशीच होते. वसतिगृहातही मुली पहिला आठवडा रडायच्या.

१४ मार्च
सुनेने फोनवर फर्नचा फोटो मागितला. कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं. ही थाप नव्हे. बिघडूही शकतो.

१६ मार्च
नऊ पानं गळाली. कमकुवत होती. आणखी सहा मी कात्रीने काढली. कुंडी आता नीटनेटकी दिसते.

१७ मार्च
कुंडी बाल्कनीत नाही. बाथरूमच्या खिडकीत सापडली, माती चिंब. ह्यांना जाब विचारला. ‘तू तिला हात लावू नकोस,’ म्हणाले. बेचाळीस वर्षांत हे मला असं कधी बोलले नव्हते. पित्त झालं असेल.

२१ मार्च
बाथरूममध्ये गेले तरी मी तिकडे बघत नाही. तीन कोवळे कोंब आलेत, गोल गुंडाळलेले. माझ्या छाटणीचा परिणाम.

२३ मार्च, संध्याकाळी
मंडळी आली. सून कुंडीपाशी बराच वेळ उभी होती. एक पान उलटून तिने ठिपके कुठे गेले ते विचारलं. घासून काढले, म्हटलं. तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

२५ मार्च
ठरलं. सोमवारपासून बाळ आमच्याच घरी, नऊ ते पाच. बाबांकडे, म्हणजे ह्यांच्याकडे. ‘आई, तुम्ही तेवढा वेळ लायब्ररीत बसत जा ना,’ सून म्हणाली. माझ्या नावाचं कार्डही तिने काढून आणलंय. वर्षभराचं.