विहिरीकडचे दोन गुंठे आणि ‘हक्कसोड ९८’ नावाचा फोल्डर

मी, भैरू ज्ञानदेव शेवाळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी केबल टीव्ही आणि सध्या औषधं घेणे, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली न येता, नशापाण्याच्या अंमलाखाली नसताना, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाने, सुदर्शनने, तो नीट बघावा. गेल्या दिवाळीपासून त्याला याबद्दल शंका आहे.

कायद्याचं पुढे येईलच. आधी ऐकायला बसलेल्यांची विचारपूस. सरू, बहिणाबाई, गुडघे कसे आहेत? खाली बसू नको, खुर्ची घे. हिंमतरावदादा, साखर आटोक्यात आहे का? तुझा चहा बिनसाखरेचा करायला सांगितला आहे. सूनबाई नम्रता, तुझी मान दुखायची थांबली का? शेफाली बाळा, चष्म्याचा नंबर वाढला असेल तर आजोबांना दोष देऊ नकोस, टीव्ही मी जवळून बघायला लावला नव्हता. सुदर्शन, तुझं पित्त आज खवळेल. गोळी घेऊन बस. माझी चौकशी करायचं कोणाला कारण उरलेलं नाही.

१. राहतं घर, तळमजला आणि वरच्या दोन खोल्या, सुदर्शनला. रागावलो असलो तरी मुलगा आहे. मात्र नम्रताचा तिथे मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील आणि तिच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही. आमच्या घरात बायकांच्या सह्या घेणं फार सोपं जातं, म्हणून तिने सही करण्याआधी कागद बाहेरच्या वकिलाला दाखवावा, हेही इथेच लिहून ठेवतो.

२. बँकेतली ठेव नातीच्या, शेफालीच्या, शिक्षणाला. पास झाली तरी आणि नापास झाली तरी. मी आठवीत दोनदा बसलो होतो.

३. सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा शेफालीलाच. भीमराव, जो १९९४ पासून माझ्याबरोबर खांबांवर चढून केबल ओढत होता, तो साक्षीदार आहे म्हणून त्याला काही देऊ नये असं वकील म्हणाले. माझ्याकडची शिडी त्याचीच आहे. ती त्याने न्यावी. बावीस वर्षं परत करीन म्हणत होतो.

४. थोरले बंधू हिंमतराव यांनी १९९९ साली एका दिवसासाठी नेलेला माझा जनरेटर त्यांनी ठेवून घ्यावा. आणखी काही नाही.

५. दिवाणखान्यात टीव्हीखाली जो काळा डबा आहे तो सर्व्हर. २०११ साली सुदर्शनने भंगारात काढलेला कॉम्प्युटर मी ठेवून घेतला, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं, आणि मांडीवर शब्दकोश ठेवून चुकत चुकत शिकलो. केबलच्या दिवसांत गावातली लग्नं, जत्रा, शाळांची गॅदरिंग मी कॅमेऱ्यावर घेऊन आमच्या चॅनेलवर दाखवायचो. माझी बायको यमुना गेली त्या वर्षी घरात आवाज नको झाला होता आणि आवाजाशिवायही राहवत नव्हतं, तेव्हा त्या दोनशे कॅसेटी एकेक करून या डब्यात उतरवल्या. रिमोट दाबला की टीव्हीवर यादी येते.

यादी दिसली नाही तर ‘डबा गेला’ म्हणून फेकू नये. आधी वायर बघावी. मग सर्व्हरचा प्रोग्राम थांबवून पुन्हा चालू करावा. मग जुनी यादी पुसून नवी बनवायला लावावी. तरीही नाही दिसली तर लॉग वाचावा, म्हणजे प्रोग्राम आपली गाऱ्हाणी जिथे लिहून ठेवतो ती वही. प्रोग्रामला लाज नसते, जे झालं ते लिहितो.

६. हे कलम वकिलांनी गाळा म्हणून सांगितलं होतं. गाळलेलं नाही.

१४ मे १९९८. आयटी पार्कसाठी आमची रस्त्याकडची जमीन द्यायची होती आणि कागदावर सरूचंही नाव होतं. रिवाजाप्रमाणे साडीचोळी आणली आणि हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवलं. कॅमेरा मी धरला होता. त्यात हिंमतराव स्वच्छ म्हणतो, “सरे, कर सही. विहिरीकडचं दोन गुंठं तुझंच हायत. भैरू, घे रं टेपात, उद्या कुणी नाही म्हनायला नको.” सरू म्हणते, “कुठं करायची तेवढं दावा, तव्यावर भाकरी हाय.” मग कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, “कर सरू. मी हाय ना.”

२००१ साली वाटणी झाली आणि विहिरीकडची बाजू माझ्या नावावर आली. २००३ साली सरूचे यजमान वारले. मुलीला, चंपाला, घेऊन ती आली आणि दोन गुंठे मागितले. हिंमतराव म्हणाला, “कागदावर कुठं हाय?” ती म्हणाली, “कॅसेटीत हाय. अण्णाला इचारा.” अण्णा म्हणजे मी. मी म्हणालो, कॅसेटला बुरशी लागली.

कॅसेटला काही झालं नव्हतं. कपाटात होती, कोरडी.

त्यानंतर भावकीने तिला खोटारडी ठरवलं. ती भाड्याच्या खोलीत राहिली, भाजीचा गाळा चालवला, चंपाचं लग्न केलं. दर भाऊबीजेला येऊन मला ओवाळते. ओवाळणी मात्र ताटात टाकू देत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी माझं दुखणं कळलं. ठरवलं, भाऊबीजेला सरूला ते चित्रण दाखवायचं आणि काय ते बोलून टाकायचं. आदल्या दिवशी सुदर्शनला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओवाळून झाल्यावर तिला टीव्हीसमोर बसवलं आणि रिमोट दाबला. यादीत लग्नं होती, जत्रा होती. ‘हक्कसोड ९८’ नव्हता. मी वायर काढून लावली. डबा बंद करून चालू केला. ती अर्धा तास बसली. मग पिशवी उचलून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या अण्णा. बुरशी लागली असंल.” आणि बसने निघून गेली.

चार दिवस मी वर सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं. लॉगात एकच ओळ पुन्हा पुन्हा होती, परवानगी नाकारली. फोल्डर जागेवरच होता, मालक म्हणून नाव माझंच होतं, पण उघडण्याची परवानगी सगळ्यांची काढलेली, मालकाचीसुद्धा. असा बदल कधी झाला ते लिनक्स टिपून ठेवतं. १ नोव्हेंबर २०१६, सकाळी नऊ वाजून सात मिनिटं. तेव्हा मी सरूला आणायला बसस्टॉपवर गेलो होतो. डब्याचा पासवर्ड माझ्याखेरीज एकालाच ठाऊक आहे.

सुदर्शनला विचारलं. म्हणाला, “बाबा, मी डिलीट केलं का काही? फक्त परमिशन काढली. विहिरीकडच्या जागेचं बिल्डरशी ॲग्रीमेंट होईपर्यंत.”

मी म्हणालो, “अरे, पण आत्याला मी काय सांगू?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना तिला, कॅसेट खराब झाली म्हणून? मी तेच खरं ठेवलं.”

परवानगी परत द्यायला एक ओळ टाइप करावी लागली, ती मी उभ्याउभ्याच केली. त्याला काही वेळ लागत नाही. तेरा वर्षं का लागली ते कोणत्या वहीत लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. जागेचे भाव चढत होते.

मग बक्षीसपत्राचा कागद घेऊन सरूच्या खोलीवर गेलो. तिने हात लावला नाही. म्हणाली, “जमिनीचं मागनं बघू. मी खोटं बोलत नव्हते एवढं चारचौघांत म्हना. दादाच्या देखत.” दोनदा सगळ्यांना बोलावलं. दोन्हीदा हिंमतराव आला नाही. मृत्युपत्र वाचायला तो येईल, याची मला खात्री आहे.

७. म्हणून इथे वाचन थांबवावं आणि ‘हक्कसोड ९८’ लावावं. रिमोट शेफालीने दाबावा. चित्रण अकरा मिनिटांचं आहे, मध्येच कोणी उठू नये. फोल्डर दिसला नाही तरी घाबरू नये, त्याच्या नकला वकिलांकडे आणि भीमरावकडे आहेत. चित्रण संपल्यावर पुढचं वाक्य मोठ्याने वाचावं: सरू खोटं बोलत नव्हती. खोटं मी बोललो, जमीन हातची जाऊ नये म्हणून बोललो, आणि ती माझ्यासमोर खोटारडी ठरत असताना गप्प बसलो.

८. विहिरीकडचे दोन गुंठे माझी सख्खी बहीण सरुबाई हिला. तिने नाकारले तर चंपाला. सुदर्शनला कोणत्याही परिस्थितीत नाहीत. बिल्डरला तसं लेखी कळवलं आहे.

९. या सगळ्याची अंमलबजावणी नम्रताने करावी. त्या भाऊबीजेला मी वायरींशी झटत होतो आणि माझा मुलगा गॅलरीत मोबाईल बघत उभा होता, तेव्हा “आत्याबाई जेवून गेल्या का?” एवढं तिने एकटीने विचारलं. जेवून गेली नव्हती.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी सही केली.

सही: भैरू ज्ञानदेव शेवाळे

साक्षीदार:
१. डॉ. दीपमाला करंदीकर, सदाशिव पेठ, पुणे
२. भीमराव सोपान गायकवाड, हडपसर, पुणे

स्थळ: पुणे. दिनांक: १९ जानेवारी २०१७.

(सरूच्या प्रतीवर, हाताने लिहिलेलं)

सरू, ही प्रत तुला आधीच धाडतो. बाकीच्यांनी ऐकेपर्यंत तू थांबावंस असं मला वाटेना. चंपाकडून वाचून घे. सात-बाऱ्यावर तुझं नाव कसं लावायचं, माहेरचं की सासरचं, ते मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नव्हतं. फोनवर तू “बरं” म्हणून ठेवून देतेस, तेव्हा दोन ओळी लिहूनच पाठव. नको म्हणायचं असेल तर तेही लिही. डॉक्टरीणबाई उन्हाळ्याचं काही बोलत नाहीत, म्हणून पत्र लवकर पाठव.